शेंदेलोणाचा पत्ता

२०२५ च्या आषाढीच्या दोन दिवस आधी वहिनींनी मला सियागंजात पिटाळलं. यादी नेहमीचीच: साबुदाणा, राजगिरा, खारीक आणि अर्धा किलो शेंदेलोण. आमच्याकडे उपासाला समुद्राचं मीठ चालत नाही. हा नियम कुणी घातला ठाऊक नाही, पण मोडायची हिंमत चार पिढ्यांत कुणाला झालेली नाही. सियागंज म्हणजे इंदूरची किराण्याची घाऊक पेठ. हातगाड्या आणि मिरचीच्या खकाण्यातून अंग चोरत ठरलेल्या दुकानात पोचलो. शेठजींनी शेंदेलोणाचा भाव सांगितला आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणाले, "भाऊसाहब, उधर से माल बंद है." उधर म्हणजे पाकिस्तानातून. मग मी खारकेच्या पोत्याकडे वळलो. पोत्यावर निळ्या शाईत दुबईचं नाव. म्हटलं, ही तरी दुबईचीच ना? शेठजी हसले. "कागज पे तो दुबई की है. पेड़ किसने देखा?"

मी बत्तीस वर्षं या शहरात व्यापाऱ्यांची कराची कागदपत्रं सांभाळली. शत्रुदेशाशी व्यापार या विषयावर इंग्रजी, अमेरिकी आणि आपल्या कोर्टांनी ढिगाने पानं लिहिली आहेत. त्यातली बरीचशी शेठजींच्या या एका प्रश्नाभोवतीच फिरतात: झाड कुणाचं, आणि ते कसं ठरवायचं?

आधी ताजा प्रसंग. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामचा हल्ला झाला. लगोलग अटारीची चौकी बंद झाली आणि २ मे ला परकीय व्यापार महासंचालनालयाने, म्हणजे व्यापारी ज्याला डीजीएफटी म्हणतात त्या खात्याने, एक अधिसूचना काढली. मजकूर जेमतेम परिच्छेदभर, पण शब्द मोजूनमापून घातलेले. पाकिस्तानात उत्पन्न झालेला किंवा तिथून निर्यात झालेला कुठलाही माल, थेट असो वा आडवळणाने, भारतात आणायला किंवा भारतातून पुढे न्यायला मनाई. अपवाद हवा असेल तर भारत सरकारची पूर्वपरवानगी.

सगळी मेख त्यातल्या पहिल्या 'किंवा'त आहे. समजा, सिंधमधली खारीक कराचीत जहाजावर चढली, दुबईला उतरली, दुसऱ्या कंटेनरात भरली, नवा कागद चिकटला आणि न्हावाशेवाला आली. ती दुबईहून निर्यात झाली हे अगदी खरं. पण उत्पन्न कुठे झाली? अधिसूचनेला दोन्ही उत्तरं हवीत, आणि त्यातलं एक जरी 'पाकिस्तान' असलं तरी माल अडला. त्याच जूनमध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने 'ऑपरेशन डीप मॅनिफेस्ट' या नावाखाली ३९ कंटेनर धरले. १,११५ टन माल, किंमत सुमारे ९ कोटी रुपये. त्यात खारीक होती आणि कागदावर मूळ देश लिहिला होता संयुक्त अरब अमिराती. अधिकाऱ्यांनी झाड पाहायला कुणाला पाठवलं नाही. जहाजांचा आणि कंटेनरांचा माग काढला आणि पैसा कुठून कुठे गेला ते पाहिलं.

असा माल पकडला की कस्टम कायद्याखाली तो जप्त होतो, आणि परकीय व्यापाराच्या १९९२ च्या कायद्यात मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंडाची सोय आहे. म्हणून सियागंजातला शहाणा व्यापारी आता भावाच्या आधी मूळ देशाचा दाखला मागतो.

हे सगळं आज घडलं म्हणून नवं वाटतं. नियम मात्र तोफा-गलबतांच्या काळातला आहे. १७९९ मध्ये लंडनच्या नौदल न्यायालयात 'हूप' नावाच्या जहाजाचा खटला चालला. इंग्लंडचं तेव्हा हॉलंडशी युद्ध चालू होतं. ग्लासगोचे काही व्यापारी रॉटरडॅमहून माल आणत. आधी ते रीतसर परवाना काढायचे. मग ग्लासगोच्या कस्टमच्या साहेबांनी सांगितलं की नव्या कायद्यांमुळे आता परवान्याची गरज उरली नाही. बिचाऱ्यांनी विश्वास ठेवला, माल भरला, आणि जहाज पकडलं गेलं. न्यायाधीश सर विल्यम स्कॉट यांनी त्यांच्याबद्दल सहानुभूती दाखवली आणि माल जप्तच ठेवला. युद्ध चालू असताना शत्रूशी कुठला व्यवहार चालेल हे फक्त राजसत्ता ठरवू शकते. व्यापाऱ्याने आपल्या सोयीने ठरवायचं नाही आणि कस्टमच्या कारकुनानेही नाही. "साहेबांनी सांगितलं होतं" हा बचाव मी माझ्या अशिलांच्या तोंडून किती वेळा ऐकला असेल याची गणतीच नाही. सव्वादोनशे वर्षांपूर्वीही तो चालला नव्हता.

एवढा कडक नियम का? शत्रूला आपला पैसा मिळतो, आपला माल मिळतो, हे तर उघडच आहे. पण जुन्या न्यायाधीशांना आणखी एक धास्ती असे. पत्रव्यवहार चालू राहिला की बातमी जाते. आणि ज्याचा माल पलीकडे अडकला आहे, त्याचा जीवही थोडा पलीकडे अडकतो.

परवान्याची ही कल्पना मराठी माणसाला नवी नाही. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं दस्तक जवळ नसेल तर कोकणकिनाऱ्यावरून जाणारं गलबत धरलं जाई. इंग्रज त्याला चाचेगिरी म्हणत आणि स्वतः मात्र तेच परवान्याच्या नावाखाली करत. २ मे च्या अधिसूचनेतली ती 'पूर्वपरवानगी' म्हणजे दस्तकच.

आता खरा गुंता. शत्रू म्हणायचं कुणाला?

आपल्याला वाटतं, शत्रुदेशाचा नागरिक तो शत्रू. व्यापाराच्या कायद्यात हे इतकं सरळ नाही. तिथे पासपोर्टापेक्षा पत्ता मोठा. माणूस राहतो कुठे आणि धंदा कुठे करतो, हे आधी पाहतात. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८३ काढून बघा. शत्रुदेशाचा नागरिक भारत सरकारच्या परवानगीने भारतात राहत असेल, तर तो आपल्या कोर्टात दावा लावू शकतो. उलट, भारताशी युद्ध चालू असलेल्या देशात जो कुणी राहतो आणि सरकारी परवान्याशिवाय तिथे धंदा करतो, तो या कलमापुरता 'शत्रू परकीय' धरला जातो. 'जो कुणी' म्हणजे अक्षरशः जो कुणी. तुमचा रामबागेत वाढलेला, अनंत चतुर्दशीच्या झाकी पाहण्यात रात्री जागवलेला मावसभाऊसुद्धा तिथे दुकान थाटून बसला असेल, तर त्याला इथल्या भाडेकरूवर दावा लावता येणार नाही. राष्ट्रभक्तीचा प्रश्नच येत नाही. त्याच्या गल्ल्यात पडलेला पैसा शत्रूच्या बाजारात फिरतो, एवढंच कायदा बघतो.

माणसाचा पत्ता शोधणं सोपं. कंपनीचा?

पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये हा प्रश्न फार सुंदर पद्धतीने उभा राहिला. कॉन्टिनेंटल टायर नावाची कंपनी १९०५ मध्ये इंग्लंडात नोंदलेली, म्हणजे कागदोपत्री अस्सल इंग्रज. जर्मनीत बनलेले टायर ती इंग्लंडात विकायची. डेमलर या इंग्लिश मोटार कंपनीकडे तिची टायरची उधारी थकली होती. युद्ध पेटलं, कॉन्टिनेंटलने वसुलीचा दावा लावला. डेमलर म्हणाली, आम्ही पैसे देऊ, पण हे शत्रूला पैसे देणं ठरलं तर आम्हीच तुरुंगात जाऊ. कॉन्टिनेंटलची भागधारकांची वही उघडली. एक शेअर सोडून बाकी सगळे शेअर जर्मन माणसांच्या आणि जर्मन कंपनीच्या नावावर. संचालक सगळे जर्मन, जर्मनीत राहणारे. उरलेला तो एकुलता एक शेअर कंपनीच्या सेक्रेटरीचा. तो इंग्लंडमध्ये राहायचा आणि ब्रिटिश नागरिक झाला होता, पण जन्माने तोही जर्मनच.

खालच्या कोर्टांनी नोंदणीकडे पाहिलं आणि कॉन्टिनेंटलच्या बाजूने निकाल दिला. १९१६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, तो फिरवला. कंपनी म्हणजे शेवटी कायद्याने बनवलेली बाहुली. तिला स्वतःचं मन नाही, निष्ठा नाही. मग तिच्या दोऱ्या कुणाच्या हातात आहेत ते पाहा. दोऱ्या शत्रूच्या हातात असतील तर नोंदणी लंडनची असो की आणखी कुठली, कंपनी शत्रूची. आज कुठल्याही निर्बंधांच्या नियमावलीत 'मालकी आणि नियंत्रण' हे दोन शब्द जोडीने दिसतात. त्यांचं कूळ या टायरच्या उधारीपर्यंत नेऊन भिडवता येतं.

तर पत्ता ही पहिली कसोटी आणि दोरी ही दुसरी. शेठजींच्या खारकेला दोन्ही लागतात.

युद्ध सुरू झालं की आधी केलेल्या करारांचं काय होतं, याचं उत्तर आपल्या १८७२ च्या करार कायद्यातच उदाहरण देऊन सांगितलं आहे. कलम ५६, उदाहरण (घ). एकाने दुसऱ्यासाठी परक्या बंदरावर माल भरून घ्यायचा करार केला आणि नंतर त्याच्या सरकारने त्या बंदराच्या देशाशी युद्ध पुकारलं, तर युद्ध पुकारलं जाताच करार रद्द. वकिलाची नोटीस लागत नाही, कुणाची सही लागत नाही. पण आगाऊ दिलेले पैसे? यावर इंग्लंडात एक करुण प्रकरण झालं. पोलंडच्या फायब्रोसा कंपनीने जुलै १९३९ मध्ये लीड्सच्या कारखान्याला यंत्रांची ऑर्डर दिली आणि १,००० पौंड आगाऊ भरले. सप्टेंबरात हिटलर पोलंडात घुसला, ज्या ग्डिनिया बंदरात माल उतरायचा तेच जर्मनांच्या ताब्यात गेलं. कारखाना म्हणाला, आम्ही काम सुरू केलं होतं, पैसे परत देणार नाही. तोवर चालत आलेला कायदा कारखान्याच्याच बाजूचा होता. लॉर्ड्सनी तो बदलला: समोरून काहीच मिळालं नाही, तर आगाऊ रक्कम परत.

आणि युद्धाआधीच पिकलेली देणी, म्हणजे माल पोचलाय, पैसे तेवढे बाकी? ती बुडत नाहीत, नुसती गोठतात. शत्रूच्या हातात पैसा द्यायचा नाही, पण त्याचा पैसा आपण गिळायचाही नाही. तो सरकारने नेमलेल्या राखणदाराकडे, कस्टोडियनकडे, जमा करायचा. लढाई संपली की हिशोब. निदान मूळ कल्पना तशी होती.

ती कशी बिघडते, याचा नमुना तुमच्या औषधाच्या डब्यात आहे. ॲस्पिरिन. अमेरिका १९१७ मध्ये महायुद्धात उतरली आणि ६ ऑक्टोबरला तिथे शत्रुव्यापार कायदा झाला. त्याखाली नेमलेल्या राखणदाराने बायर या जर्मन कंपनीची अमेरिकेतली शाखा ताब्यात घेतली: कारखाना, पेटंट, आणि 'बायर' हे नावसुद्धा. युद्ध ११ नोव्हेंबर १९१८ ला संपलं. लिलाव झाला डिसेंबरात, म्हणजे तोफा थंडावल्यावर महिन्याभराने. स्टर्लिंग नावाच्या अमेरिकी कंपनीने सुमारे ५३ लाख डॉलरला सगळं उचललं. त्यानंतर पाऊण शतक अमेरिकेत 'बायर ॲस्पिरिन' विकलं जायचं आणि जर्मनीतल्या बायरचा त्याच्याशी काडीचा संबंध नसायचा. १९९४ मध्ये सुमारे १०० कोटी डॉलर मोजून बायरने स्वतःचंच नाव परत विकत घेतलं. राखायला दिलेली म्हैस राखणदारानेच बाजारात नेली, असं आपल्याकडे म्हटलं असतं.

आता घरची गोष्ट. ती ॲस्पिरिनपेक्षा जास्त अवघड आहे, म्हणून थोडं थांबून सांगतो.

१९६२ मध्ये चीनशी युद्ध झालं तेव्हा भारत संरक्षण कायदा आला. त्यात 'शत्रू'ची व्याख्या करताना एक शहाणपण केलं. युद्धाची औपचारिक घोषणा होवो न होवो, भारतावर बाह्य आक्रमण करणारा देश शत्रू आणि त्या देशाचा माणूस शत्रू. कारण आधुनिक काळात युद्ध जाहीर कोण करतं? पण त्या व्याख्येत पत्त्याची कसोटी मागे पडली आणि 'त्या देशाचा माणूस' पुढे आला. परकीय नागरिकांविषयीचा त्या वेळी बदललेला कायदा तर आई-बाप आणि आजी-आजोबांपर्यंत गेला. कोलकात्यात आणि आसामात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली चिनी वंशाची सुमारे तीन हजार माणसं राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन डांबली. चपला शिवणारे, चहाच्या मळ्यात सुतारकाम करणारे. त्यांच्या दोऱ्या पेकिंगहून कोण हलवणार होतं?

मग १९६५. पाकिस्तानशी युद्ध पेटलं आणि १० सप्टेंबरला आदेश निघाला: पाकिस्तानी नागरिकांची भारतातली जमीन, घरं, दुकानं, शेअर, बँकेतल्या ठेवी, सगळं कस्टोडियनकडे. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला जो करार झाला त्यात या ताब्यात घेतलेल्या मालमत्ता परत करण्याबद्दल बोलणी करायचं ठरलं होतं. बोलणी पुढे सरकली नाहीत. पाकिस्तानने आपल्याकडच्या भारतीयांच्या मालमत्ता १९७१ मध्ये विकून टाकल्या. भारताने १९६८ मध्ये शत्रू मालमत्ता कायदा करून आपल्याकडच्या राखून ठेवल्या. सरकारी आकड्यांनुसार देशभरात अशा १२,६११ मालमत्ता. त्यातल्या १२६ चिनी नागरिकांच्या, बाकी सगळ्या पाकिस्तानात गेलेल्यांच्या.

त्यात शेअरही होते, आणि त्यांची एक गंमत आहे. १९४५ मध्ये आपल्या खानदेशात, अमळनेरला, वनस्पती तुपाची एक कंपनी निघाली. तिचे काही भागधारक पुढे पाकिस्तानात गेले, शेअर कस्टोडियनकडे गेले. तूपवाली कंपनी वाढत वाढत संगणकाच्या धंद्यात शिरली आणि विप्रो झाली. एप्रिल २०१९ मध्ये सरकारने विप्रोतले हे शत्रू शेअर विकले तेव्हा सुमारे १,१५० कोटी रुपये हाती आले. राखणदाराने इथेही म्हैस विकली, फक्त ती चौपन्न वर्षं चारल्यानंतर.

खरा वाद जमिनीचा. महमूदाबादचे राजे १९५७ मध्ये पाकिस्तानचे नागरिक झाले. पत्नी आणि मुलगा भारतातच, भारतीय नागरिक म्हणून राहिले. राजे १९७३ मध्ये लंडनला वारले. मुलगा म्हणाला, शत्रू वारला, वारस मी, मी भारतीय. लखनौ आणि सीतापूरची मालमत्ता परत द्या. तीसेक वर्षं भांडून २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो जिंकला. भारतीय नागरिकाला शत्रू म्हणता येत नाही, हे त्या निकालाचं सार. सरकार हबकलं, कारण असे हजारो वारस रांगेत उभे राहू शकत होते. २०१० मध्ये अध्यादेश, २०१६ मध्ये एकामागून एक पाच अध्यादेश आणि शेवटी मार्च २०१७ मध्ये दुरुस्ती कायदा. आता व्याख्याच बदलली. शत्रूचा वारस भारतीय नागरिक असला तरी तो 'शत्रू'त मोडतो. मूळ मालक मेला, त्याने नागरिकत्व बदललं, कंपनी बंद पडली, काहीही झालं तरी मालमत्ता शत्रूचीच. आणि हे सगळं मागच्या तारखेपासून लागू. आपल्या शेजारच्या भोपाळात नवाब घराण्याच्या मालमत्तेचा जो वाद गाजला, त्याचं मूळ इथेच आहे: थोरली राजकन्या आबिदा सुलतान १९५० मध्ये पाकिस्तानात गेली, मधली साजिदा इथे राहिली, आणि मालमत्ता थोरलीची धरायची की मधलीची यावर ती 'शत्रू' ठरते की नाही हे अवलंबून.

सरकारची बाजू पोकळ नाही. समोरच्याने विकून खाल्लं, आपण राखलं, आणि आता लाखभर कोटींची ही मालमत्ता वारसाहक्काच्या दाव्यांतून हातची घालवायची का? पण मला विचाराल तर इथे कायद्याची गाडी रुळावरून उतरली. पत्ता विचारणारा कायदा मला समजतो, दोरी विचारणारा तर फारच पटतो. लखनौत राहणाऱ्या, इथेच मत देणाऱ्या, इथेच कर भरणाऱ्या माणसाचा पत्ता आणि दोरी दोन्ही भारतात असताना तो शत्रू कसा, हे माझ्या हिशोबी डोक्याला अजून जुळत नाही.

आता परत शेंदेलोणाकडे, कारण त्याची गोष्ट युद्धाची नव्हेच, युद्धाच्या अलीकडची आहे. सरकारला व्यापार थांबवायला युद्ध लागत नाही. १९९६ मध्ये भारताने पाकिस्तानला व्यापारात 'सर्वाधिक पसंतीचं राष्ट्र' हा दर्जा दिला होता. पुलवाम्यानंतर, १५ फेब्रुवारी २०१९ ला तो काढून घेतला. दुसऱ्या दिवशी तिकडून येणाऱ्या सगळ्या मालावर २०० टक्के आयात शुल्क. बंदी म्हणायची नाही, पण शंभराच्या मालावर दोनशे कर भरून कोण आणणार?

त्या दिवशी अटारीला एक नाट्य घडलं. काही आयातदारांनी १६ तारखेला दिवसा आपले कागद दाखल केले होते, माल पोचलेला होता. शुल्कवाढीची अधिसूचना ई-गॅझेटवर चढली रात्री ८ वाजून ४६ मिनिटं ५८ सेकंदांनी. कस्टम म्हणालं, अधिसूचना १६ तारखेची, म्हणजे तो अख्खा दिवस तिच्याखाली. भरा २०० टक्के. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०२० मध्ये निकाल लागला: गॅझेट संगणकावर निघू लागल्यापासून त्याला घटका-पळं आहेत. कायदा ८:४६:५८ ला जन्मला, त्याच्या आधी कागद दाखल करणाऱ्याला जुनाच दर. बत्तीस वर्षांच्या कारकिर्दीत इतका समाधानकारक निकाल मी क्वचित वाचला. आमच्या धंद्यात सेकंदाला किंमत आहे हे घरच्यांना कधी पटलं नव्हतं.

आणखी एक प्रकार आहे, आणि तो इंदूरला थेट चटका देऊन गेला. दुसऱ्याचा शत्रू. अमेरिकेच्या त्या १९१७ च्या कायद्याची पुढे रबरासारखी ताणाताण झाली. १९३३ मध्ये रूझवेल्टने शांततेच्या काळात त्याच्या आधाराने देशभरच्या बँका बंद ठेवल्या. क्यूबाशी व्यापार आजही त्याच कायद्याखाली बंद आहे. (केनेडीने बंदीवर सही करायच्या आदल्या रात्री आपल्या माध्यम सचिवाला क्यूबन सिगार गोळा करायला धाडलं, १,२०० हाती आल्यावर सही केली, असं त्या सचिवानेच पुढे सांगितलं आहे.) १९७७ मध्ये अमेरिकी संसदेने युद्धाचा कायदा वेगळा काढला आणि शांततेतल्या निर्बंधांसाठी निराळा केला. इराणवरचे निर्बंध त्या दुसऱ्या कायद्याचे. आता इराणशी भारताचं काय भांडण? काही नाही. पण माळव्यातल्या सोयाबीनची डीओसी, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड, इराणी कोंबड्यांना फार आवडायची. डॉलरमध्ये पैसे घेतले तर व्यवहार अमेरिकी बँकेतून जाणार आणि तिथे अडकणार. म्हणून २०१२ मध्ये युको बँकेतून रुपयात व्यवहाराची वाट काढली: भारत इराणच्या तेलाचे पैसे रुपयांत इथेच जमा करायचा आणि त्याच रुपयांतून आपल्या निर्यातदारांना पैसे मिळायचे. मे २०१९ नंतर अमेरिकेच्या दबावाने आपण इराणी तेल घेणं थांबवलं. रांजणात पाणी ओतणं बंद झालं, उपसणं चालू राहिलं. पुढे काय होतं हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. आमच्याकडचे डीओसीवाले तेव्हा सकाळी उठून वॉशिंग्टनच्या बातम्या बघायचे.

आडवाटांचं म्हणाल तर माळव्याला त्यात कुणी शिकवायला नको. १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला, होळकरांची सत्ता ईस्ट इंडिया कंपनीच्या दावणीला बांधली गेली, आणि कंपनीने माळव्याच्या अफूच्या वाटा अडवायला सुरुवात केली. इथल्या व्यापाऱ्यांनी उंट काढले. पाली, जैसलमेर, वाळवंट ओलांडून कराची, आणि तिथून जहाजाने पोर्तुगीजांच्या दमणला. शेवटी कंपनीनेच हात टेकले आणि फी घेऊन मुंबईच्या सरळ रस्त्याचे परवाने द्यायला लागली. १८४३ मध्ये सिंध जिंकून कराचीची वाट हातात आल्यावर मग तीच फी वाढवली. शेठजींना ही गोष्ट सांगितली तेव्हा ते खूश झाले. "मतलब कराची का चक्कर हमने शुरू किया था!"

खारीक मी घेतली नाही. शेंदेलोण घेतलं, पाकिटावर मूळ देश भारत होता. हिमाचलात मंडीजवळ खाणी आहेत, थोडं तिथून निघतं. पाकिस्तानातल्या खेवड्याच्या खाणींच्या मानाने चिमूटभर. घरी आलो तर वहिनींनी फडताळातून एक चिनी मातीची बरणी काढून ओट्यावर ठेवली होती. तळाशी गुलाबी खडे, मूठभर. २०१८ साली आणलेले, तेव्हा बहुतेक सगळं तिकडूनच यायचं. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हे वापरलं तर काही होतं का?"

मी म्हटलं, बंदी आयातीवर आहे, बरणीवर नाही. हे खडे कस्टममधून सुटले तेव्हा शुल्क दोनशे टक्के नव्हतं आणि बंदीही नव्हती. वहिनींनी एक खडा खलात टाकला आणि म्हणाल्या, "मग ते नवीन पाकीट द्वादशीला काढू."